ब्रिटनमधील सार्वत्रिक निवडणुकांचे अनपेक्षित निकाल: चूक मापनाची, गणिताची की विश्वासाची?

उत्तरायण (धागाकर्ता)

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये ज्या निवडणुकांचे निकाल अनपेक्षित ठरले, त्या सगळ्यांची कारणे एकच असल्यासारखी चर्चा आपल्याकडे होते: जनमत चाचण्या चुकल्या, पंडित तोंडघशी पडले आणि मतदाराने सर्वांना चकवले. मला हे निदान अपुरे वाटते. काही वेळा मोजमाप चुकले होते हे खरे आहे. पण काही वेळा मते आणि जागा यांचे गणितच उलटे पडले, आणि काही वेळा मोजमाप बरोबर होते, गणितही सरळ होते, फक्त ज्यांनी ते आकडे वाचायचे त्यांचाच त्यांवर विश्वास बसला नाही. या तिसऱ्या प्रकाराकडे सर्वांत कमी लक्ष जाते, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

१९४५ मध्ये मतदान ५ जुलैला झाले, परंतु परदेशातील आघाड्यांवर असलेल्या सैनिकांच्या मतपत्रिका मायदेशी आणायच्या असल्यामुळे निकाल थेट २६ जुलैला जाहीर झाला. मधल्या काळात पंतप्रधान विन्स्टन चर्चिल पॉट्सडॅम येथे ट्रुमन आणि स्टालिन यांच्याशी वाटाघाटी करत होते. निकालासाठी ते लंडनला परतले, आणि परिषदेच्या उरलेल्या बैठकांना ब्रिटनच्या वतीने क्लेमंट ॲटली बसले. मजूर पक्षाला ३९३ जागा मिळाल्या होत्या, तर हुजूर पक्षाला मित्रपक्षांसह २१३. युद्ध जिंकून देणाऱ्या नेत्याला देशाने घरी बसवले, याचे जगाला आश्चर्य वाटले. पण पुरावा लपलेला नव्हता. 'न्यूज क्रॉनिकल' या दैनिकात प्रसिद्ध होणाऱ्या गॅलपच्या चाचण्या मजूर पक्षाला आघाडी दाखवत होत्या. युद्धकाळात प्रमुख पक्षांनी पोटनिवडणुकांत एकमेकांविरुद्ध उभे न राहण्याचा समझोता केला होता, तरीही 'कॉमन वेल्थ' नावाच्या एका नवख्या डाव्या पक्षाने हुजूर पक्षाच्या हक्काच्या जागा हिसकावल्या होत्या. त्यांपैकी चेम्सफर्डची जागा तर एप्रिल १९४५ मध्ये, म्हणजे विजय दृष्टिपथात असताना गेली. डिसेंबर १९४२ मध्ये आलेल्या, सर्वांसाठी सामाजिक सुरक्षेची योजना मांडणाऱ्या बेव्हरिज अहवालाच्या प्रती घेण्यासाठी लोक रांगा लावत होते. अशा लोकांसमोर चर्चिल यांनी ४ जूनच्या रेडिओ भाषणात सांगितले की, समाजवादी राजवटीला कोणत्या ना कोणत्या स्वरूपाच्या गेस्टापोचा (नाझींच्या गुप्त पोलिसांसारख्या यंत्रणेचा) आधार घ्यावा लागेल. पाच वर्षे ज्यांच्यासोबत मंत्रिमंडळ चालवले, त्या ॲटलींविषयी हे बोलणे लोकांना पटणे शक्यच नव्हते.

मग आकडे दिसत असूनही कोणी ते का मानले नाहीत? माझ्या मते याचे कारण असे की, याआधीची सार्वत्रिक निवडणूक १९३५ मध्ये झाली होती. दहा वर्षे राजकारण्यांना मतदाराचा थेट कौल मिळालाच नव्हता आणि जनमत चाचणी हे साधन त्यांच्या दृष्टीने अजून पोरसवदा होते. त्यांनी सभांची गर्दी मोजली. चर्चिल यांच्या सभांना गर्दी प्रचंड होती; लोक त्यांचे आभार मानायला आले होते आणि मत द्यायला दुसरीकडे गेले.

गणित उलटे पडण्याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण १९५१ चे आहे. मजूर पक्षाला सुमारे १ कोटी ३९ लाख मते मिळाली, आणि ही त्या पक्षाची आजवरची सर्वाधिक मतसंख्या आहे. हुजूर पक्षाला त्याहून सुमारे २ लाख ३० हजार मते कमी पडली, तरीही जागा त्यांना ३२१ आणि मजूर पक्षाला २९५ मिळाल्या. कोळसाखाणींच्या भागांत मजूर पक्षाचे उमेदवार प्रचंड मताधिक्याने निवडून येत होते, पण एका मतदारसंघात पन्नास टक्क्यांच्या वर पडलेले प्रत्येक मत दुसऱ्या जागेच्या उपयोगाचे नसते. शिवाय १९५० मध्ये ४७५ उमेदवार उभे करणाऱ्या उदारमतवादी पक्षाने पैशाअभावी यावेळी जेमतेम १०९ उमेदवार दिले, आणि त्यांचे पोरके झालेले मतदार अधिक संख्येने हुजूर पक्षाकडे वळले.

फेब्रुवारी १९७४ मध्ये तोच डाव हुजूर पक्षावर उलटला. खाणकामगारांच्या संपामुळे उद्योगांना आठवड्यातून तीनच दिवस वीज मिळत होती, आणि 'देशावर राज्य कोणाचे?' असा सवाल करत हुजूर पक्षाचे पंतप्रधान एडवर्ड हीथ मतदारांपुढे गेले. त्यांना ३७.९ टक्के मते मिळाली आणि २९७ जागा. हॅरॉल्ड विल्सन यांच्या मजूर पक्षाला ३७.२ टक्के मते आणि ३०१ जागा. उदारमतवाद्यांना तब्बल ६० लाख मते पडली, पण जागा फक्त १४. हीथ यांनी उदारमतवादी नेते जेरेमी थॉर्प यांच्याशी आघाडीची बोलणी करून पाहिली आणि चार दिवसांनी राजीनामा दिला.

१९७०, १९९२, २०१५ आणि २०१७ या निवडणुकांवर मी मुद्दाम लिहिलेले नाही, कारण तेथे मापनाचा प्रश्न मुख्य आहे आणि या संस्थळावर संख्याशास्त्र जाणणारे सदस्य आहेत. त्यांनी त्याविषयी लिहावे अशी विनंती आहे.

शंकासूर

लेख आवडला, पण दोन आक्षेप नोंदवतो. पहिला म्हणजे १९५१ च्या आकड्यांत एक खाच आहे. उत्तर आयर्लंडमधील चार जागांवर हुजूर पक्षाचे सहकारी युनियनिस्ट उमेदवार बिनविरोध निवडून आले, त्यामुळे तेथील मते एकूण बेरजेत आलीच नाहीत. तेथे मतदान झाले असते तर २ लाख ३० हजारांची तफावत बरीच घटली असती. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. निकाल लागल्यानंतर मागे वळून पाहिले की बरोबर आलेला एखादा अंदाज नेहमीच सापडतो. पाच जणांनी पाच वेगवेगळे आकडे सांगितले आणि त्यांतला एक खरा ठरला, तर त्याला पुरावा म्हणायचे की अंदाजपंचे?

गोदातीर

१९४५ च्या निकालाचा आपल्याशी असलेला संबंध नमूद करायला हवा. भारतमंत्री लिओ अमेरी हे बर्मिंगहॅममधील स्पार्कब्रुक येथून उभे होते. १९४२ च्या आंदोलनातील धरपकड आणि बंगालचा दुष्काळ या दोन्ही वेळी इंडिया ऑफिसचा कारभार त्यांच्याकडेच होता. त्यांच्याविरुद्ध मुद्दाम त्याच मतदारसंघात कम्युनिस्ट नेते रजनी पाम दत्त उभे राहिले आणि त्यांनी भारताचा प्रश्न प्रचारात आणला. दत्त यांना मते फारच थोडी मिळाली. अमेरी हरले ते मजूर पक्षाच्या उमेदवाराकडून. त्यामुळे स्पार्कब्रुकच्या मतदाराने भारतासाठी मत दिले असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. त्याला घरे, नोकरी आणि दवाखाना हवा होता. परंतु परिणाम भारतापर्यंत पोहोचलाच. अमेरींच्या जागी पेथिक-लॉरेन्स आले, आणि १९४६ च्या मार्चमध्ये ते स्वतः क्रिप्स आणि अलेक्झांडर यांच्यासह कॅबिनेट मिशन घेऊन दिल्लीत उतरले. चर्चिल पुन्हा पंतप्रधान झाले असते तर हे सारे त्याच गतीने घडले असते, असे मला वाटत नाही.

आणखी एक बाब चर्चिल यांच्या स्वतःच्या वुडफर्ड मतदारसंघाची. तेथे मजूर आणि उदारमतवादी पक्षांनी सौजन्य म्हणून उमेदवारच दिला नव्हता. तरीही एका अपक्षाला दहा हजारांहून अधिक मते पडली. धाग्यातील 'विश्वास न ठेवण्या'च्या मुद्द्याला हे पूरक आहे, फक्त हा पुरावा निकालाच्या दिवशीच मिळाला.

त्रिज्या

धागाकर्त्यांनी बोलावलेच आहे, तर थोडे विस्ताराने लिहितो, आणि शंकासूर यांच्या दुसऱ्या आक्षेपापासूनच आरंभ करतो.

१८ जून १९७० च्या निवडणुकीपूर्वी पाच प्रमुख चाचणी संस्थांपैकी चौघींनी विल्सन यांच्या मजूर पक्षाला विजयी ठरवले होते. फक्त ओआरसी या संस्थेने हुजूर पक्षाला एका टक्क्याची आघाडी दाखवली. प्रत्यक्षात हीथ सुमारे तीन टक्क्यांनी पुढे राहिले आणि त्यांना ३० जागांचे बहुमत मिळाले. हा योगायोग नव्हता. ओआरसीने शेवटच्या दिवसांत आधीच्याच काही उत्तरदात्यांना पुन्हा गाठून त्यांचे मत बदलले आहे का हे विचारले, आणि मतदानाला कोण खरोखर जाईल याचा हिशेबही आकड्यांत धरला. बाकीच्यांनी चाचणी लवकर आटोपली. मतदानाच्या तीन दिवस आधी व्यापारी तुटीचे वाईट आकडे आले होते. त्याच्या आदल्या दिवशी इंग्लंडचा संघ मेक्सिकोतील विश्वचषकात पश्चिम जर्मनीकडून २-३ असा हरला होता. फुटबॉलमुळे सरकार पडले ही कथा रंगतदार असली तरी तिला आधार कमी आहे; तुटीच्या आकड्यांचे मात्र मी मानतो. तेव्हा शंकासूर, पाचांतला एक अंदाज बरोबर आला एवढ्यावर थांबू नये, तो कोणत्या पद्धतीने काढला होता हे पाहावे. पद्धतीत फरक असेल तर तो पुरावा ठरतो.

१९९२ चे प्रकरण याहून मोठे होते. ९ एप्रिलच्या आधीच्या शेवटच्या चाचण्यांची सरासरी घेतली तर नील किनॉक यांचा मजूर पक्ष किंचित पुढे होता. प्रत्यक्षात जॉन मेजर यांचा हुजूर पक्ष साडेसात टक्क्यांनी पुढे गेला आणि त्याला १ कोटी ४० लाखांहून अधिक मते मिळाली, जी ब्रिटनमध्ये कोणत्याही पक्षाला एका निवडणुकीत मिळालेली सर्वाधिक मते आहेत. (असे असून बहुमत मात्र २१ जागांचेच. त्यातही हुजूर पक्षाचे अध्यक्ष ख्रिस पॅटन, ज्यांनी ही मोहीम आखली, ते स्वतः बाथ मतदारसंघात हरले. गड आला पण सिंह गेला याचे याहून चपखल उदाहरण त्या देशात सापडणार नाही.) नंतरच्या चौकशीत तीन कारणे पुढे आली: शेवटच्या क्षणी बदललेली मते, हुजूर पक्षाला मत देणाऱ्यांनी प्रश्नकर्त्याला उत्तर देण्याचे टाळणे, आणि नमुना निवडताना कोणत्या वर्गातील किती लोक घ्यायचे हे ठरवणारे जुने कोष्टक. लोकांच्या लक्षात राहिला तो फक्त 'लाजरा हुजूर मतदार'. माझ्या मते ही सोयीची आठवण आहे, कारण तीत दोष मतदाराच्या माथी जातो. कोष्टक चुकीचे असेल तर तो चाचणी घेणाऱ्यांच्या माथी येतो.

२०१५ ने हेच सिद्ध केले. शेवटच्या चाचण्यांत दोन्ही पक्ष जवळपास बरोबरीत होते, सर्वत्र त्रिशंकू संसदेची चर्चा होती, आणि हुजूर पक्षाचे डेव्हिड कॅमेरन ३३१ जागांसह स्वबळावर बहुमतात आले. पॅट्रिक स्टर्जिस यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी समितीने लाजरेपणा आणि ऐनवेळचा बदल या दोन्ही कारणांना फारसे महत्त्व दिले नाही. नमुन्यातच मजूर समर्थक प्रमाणाबाहेर होते आणि वृद्ध मतदार पुरेसे नव्हते, हे मुख्य कारण ठरले. याउलट निवडणुकीनंतर यादृच्छिक पद्धतीने पत्ते निवडून, घरी जाऊन, न सापडलेल्या माणसाला पुन्हा पुन्हा गाठून केलेल्या पाहणीत हुजूर पक्षाची आघाडी प्रत्यक्षाच्या जवळ आली. सहज भेटणारा माणूस आणि चिकाटीने शोधावा लागणारा माणूस यांचे मत सारखे नसते. त्याच वेळी सर्व्हेशन या संस्थेने आदल्या दिवशी घेतलेल्या एका चाचणीत निकालाच्या अगदी जवळचे आकडे आले होते, पण ते इतरांपेक्षा इतके वेगळे दिसले की संस्थेने ती चाचणी प्रसिद्धच केली नाही.

आणि मग २०१७. हुजूर पक्षाच्या पंतप्रधान थेरेसा मे यांनी १८ एप्रिलला निवडणुकीची घोषणा केली तेव्हा काही चाचण्यांत त्यांची आघाडी वीस टक्क्यांच्या आसपास होती. ८ जूनला ती जेमतेम अडीच टक्के उरली, बहुमत गेले आणि उत्तर आयर्लंडच्या डीयूपीच्या दहा खासदारांचा टेकू घ्यावा लागला. वृद्धांच्या घरगुती सेवेचा खर्च त्यांच्या घराच्या किमतीतून वसूल करण्याचा जाहीरनाम्यातील प्रस्ताव त्यांना भोवला, हे सर्वज्ञात आहे. मापनाच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की, २०१५ ला मजूर पक्षाचे आकडे फुगले म्हणून अनेक संस्थांनी यावेळी 'तरुण मतदानाला येणार नाहीत' असे गृहीत धरून ते जोरात खाली ओढले. मागच्या चुकीवरचे औषधच यावेळी बाधले. यूगव्ह या चाचणी संस्थेच्या नव्या, मतदारसंघनिहाय प्रारूपाने मे महिन्याच्या अखेरीसच त्रिशंकू संसदेचे भाकीत केले होते आणि शतकभर हुजूर पक्षाकडे असलेली कँटरबरीची जागा डळमळीत असल्याचे दाखवले होते. त्या प्रारूपाची उघड टिंगल झाली. कँटरबरी मजूर पक्षाने १८७ मतांनी जिंकली.

उत्तरायण

त्रिज्या यांचे आभार. सर्व्हेशन आणि यूगव्ह यांची उदाहरणे माझ्या तिसऱ्या प्रकारातच मोडतात, आणि एका बाबतीत तर ती १९४५ पेक्षाही बोलकी आहेत: तेव्हा राजकारण्यांनी चाचण्यांवर विश्वास ठेवला नाही, २०१५ मध्ये चाचणी घेणाऱ्यानेच स्वतःच्या चाचणीवर ठेवला नाही. शंकासूर यांचा १९५१ विषयीचा आक्षेप मला मान्य आहे, मात्र त्याने जागांची विषम वाटणी नाहीशी होत नाही. या वाटणीचे टोक पाहायचे तर २०१५ चेच घ्या. युकिप पक्षाला ३८ लाखांहून अधिक मते मिळाली आणि जागा एक. स्कॉटिश नॅशनल पार्टीला साडेचौदा लाख मते आणि जागा ५६. एकाची मते देशभर पातळ पसरलेली होती, दुसऱ्याची स्कॉटलंडच्या ५९ मतदारसंघांत दाटलेली. त्या लाटेत मजूर पक्षाच्या प्रचारमोहिमेचे सूत्रधार डग्लस अलेक्झांडर हे माइरी ब्लॅक या वीस वर्षांच्या विद्यार्थिनीकडून हरले.

जुने कागद

एवढा मोठा पट मांडला आहे, तर मुंबईच्या दोन माणसांचा उल्लेख राहू नये. एल्फिन्स्टन संस्थेत गणित शिकवणारे दादाभाई नौरोजी १८८६ मध्ये लंडनच्या होबर्न मतदारसंघातून उदारमतवादी पक्षातर्फे उभे राहून हरले. १८८८ मध्ये पंतप्रधान लॉर्ड सॅलिसबरी यांनी एडिंबरा येथील भाषणात दादाभाईंच्या वर्णावरून अवहेलनेचे उद्गार काढले आणि इंग्रज मतदार अशा माणसाला निवडून देणार नाही असे सुचवले. त्या उद्गारांनी दादाभाईंचे नाव घरोघर पोहोचवले, आणि १८९२ मध्ये ते सेंट्रल फिन्सबरीतून अवघ्या पाच मतांनी निवडून आले. १८९५ मध्ये ते हरले. परंतु त्याच निवडणुकीत मुंबईचेच मंचरजी भावनगरी लंडनच्या श्रमिक वस्तीतील बेथनल ग्रीनमधून हुजूर पक्षातर्फे निवडून आले, तेही जॉर्ज हॉवेल या कामगार चळवळीतील जुन्या नेत्याला हरवून. एका मुंबईकर पारशाला लंडनने नाकारले त्याच वेळी दुसऱ्याला स्वीकारले. दोघांच्या राजकारणात जमीनअस्मानाचे अंतर होते. वर्णापेक्षा पक्षाची लाट प्रभावी ठरली, असे मी यातून समजतो.

बेलग्रेव्हकर

मी लेस्टरमध्ये राहतो, त्यामुळे २०२४ विषयी लिहितो. ४ जुलैच्या त्या निवडणुकीत हुजूर पक्ष १२१ जागांवर कोसळला; माजी पंतप्रधान लिझ ट्रस यांनाही आपली जागा राखता आली नाही. अशा वर्षी संपूर्ण देशात हुजूर पक्षाने मजूर पक्षाकडून खेचून घेतलेली एकच जागा होती, आणि ती म्हणजे आमचे लेस्टर ईस्ट, जे १९८७ पासून अखंड मजूर पक्षाकडे होते. भारतीय वंशाच्या शिवानी राजा ४,४२६ मतांनी निवडून आल्या. बाहेरच्या वृत्तपत्रांनी याची कारणे केवळ धर्मात शोधली. २०२२ च्या दंगलीनंतरचे वातावरण आणि हिंदू मतदारांची नाराजी मी नाकारत नाही, पण मजूर पक्षाची मते फुटली ही गोष्ट तेवढीच खरी आहे. मूळ गोव्याच्या कुटुंबातील कीथ वाझ, ज्यांनी बत्तीस वर्षे ही जागा सांभाळली, ते वेगळ्या पक्षातर्फे उभे होते. त्यांच्यानंतरच्या खासदार क्लॉडिया वेब अपक्ष म्हणून उभ्या होत्या. या दोघांची मते मिळून विजयाच्या अंतराहून दुपटीएवढी भरतात. त्याच रात्री शेजारच्या लेस्टर साउथमध्ये गाझाच्या प्रश्नावर उभ्या राहिलेल्या अपक्षाने मजूर पक्षाचे जोनाथन ॲशवर्थ यांना ९७९ मतांनी हरवले. ॲशवर्थ मंत्री होणार, हे येथे सर्वांनी गृहीत धरले होते.

शंकासूर

मग २०२४ चा निकाल एकूण पाहता अपेक्षित म्हणायचा की अनपेक्षित?

त्रिज्या

विजेता अपेक्षित होता, अंतर नव्हते. शेवटच्या चाचण्या मजूर पक्षाला सरासरीने सतरा-अठरा टक्क्यांची आघाडी देत होत्या. मिळाली ती दहा टक्क्यांची, म्हणजे ३३.७ विरुद्ध २३.७. आघाडीतील ही चूक १९९२ च्या चुकीच्या जवळपास जाते, पण तिची तशी बोंब झाली नाही, कारण सरकार कोणाचे याचे उत्तर बदलले नाही. केअर स्टार्मर यांच्या मजूर पक्षाला ४११ जागा मिळाल्या, आणि तरीही त्याला मिळालेली मते २०१९ मध्ये जेरेमी कॉर्बिन यांच्या नेतृत्वाखाली त्याच पक्षाचा दारुण पराभव झाला तेव्हाच्या मतांपेक्षा कमी होती.

मतदानोत्तर चाचणीचे काय, असे दोन सदस्यांनी मला व्यक्तिगत संदेशातून विचारले आहे. ती आता वेगळ्या तत्त्वावर चालते. त्याच त्या निवडक मतदान केंद्रांवर दर निवडणुकीत जाऊन, बाहेर पडणाऱ्या मतदाराकडून नकली मतपत्रिका भरून घेतात, आणि पक्षाला किती मते पडली यापेक्षा मागच्या वेळेच्या तुलनेत किती बदल झाला हे मोजतात. २०१० मध्ये लिबरल डेमोक्रॅट पक्षाचे नेते निक क्लेग यांची हवा असताना या चाचणीने त्यांच्या पक्षाच्या जागा घटतील असे सांगितले, तेव्हा स्टुडिओतील कोणाचाही विश्वास बसला नाही; जागा खरोखर घटल्या. २०२४ मध्ये तिने मजूर पक्षाला ४१० जागा दिल्या, म्हणजे फरक एका जागेचा. परंतु बदलाचा हा हिशेब सारख्या मतदारसंघांत सारखा बदल होतो या गृहीतकावर उभा आहे, आणि लेस्टर ईस्टसारख्या, दोन माजी खासदार रिंगणात असलेल्या मतदारसंघाला सारखा दुसरा मतदारसंघ देशात नव्हता. रिफॉर्म यूके या पक्षाला चाचणीने १३ जागा दिल्या होत्या, मिळाल्या ५. कारण त्या पक्षाची मते कोठे दाटतील हे दाखवणारा पुरेसा मागचा इतिहासच हाताशी नव्हता.